तीनदा चुकला की ब्लॉक

चौकीतल्या साहेबांनी फोटो मागितला, आणि माझ्याकडे असलेला वडिलांचा एकुलता एक फोटो मी त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो आधी लांबून पाहिला, मग जवळून, मग चष्मा पुसून.

"यात तोंड कुठाय?"

"ब्लर केलंय."

"का?"

"प्रायव्हसी."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या बायकोकडे. दुसऱ्या नजरेत सहानुभूती होती. "बरं," ते म्हणाले, "अंगावर काय होतं तेवढं तरी सांगा. की शर्टही गुप्त आहे?"

वडील सकाळी अकराला दाढीचं ब्लेड आणायला बाहेर पडले होते. आता चार वाजत आले होते. ब्लेडचं दुकान आमच्या गेटपासून दीडशे पावलांवर आहे. आठ महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी त्यांच्या विसरण्याला एक लांबलचक नाव दिलं, तेव्हा तो कागद मी पासवर्ड लावलेल्या फाइलमध्ये ठेवला आणि मूळ कागद फाडून टाकला. आजाराची माहिती फुटली की संपलंच. शेजाऱ्यांना सांगितलं नाही, वॉचमनला सांगितलं नाही. त्यामुळे वॉचमननं आज सकाळी त्यांना नेहमीसारखा सलाम ठोकला आणि गेट उघडून दिलं.

मी एका विमा कंपनीत सर्व्हर सांभाळतो. हॉटेलात भांडी घासणारा हॉटेलात जेवत नाही, तसा मी फुकटचं काही इन्स्टॉल करत नाही. आमच्या लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी आहे. आमची सगळी सॉफ्टवेअर अशी, की त्यांची ओळ न् ओळ कुणीही वाचून तपासावी. मी वाचलेली नाही, पण वाचू शकतो, हा समाधानाचा भाग. ऑनलाइन गेम म्हणजे तर रंगीत चहाडी. मी स्वतः वीस वर्षांपूर्वीचा पत्त्यांचा एकच डाव खेळतो, इंटरनेट बंद करून, आणि त्यात नियमितपणे हरतो. पण ते कुणाला कळत नाही.

वडिलांचा फोन तर मी धुऊनच काढला होता. लोकेशन बंद, अनोळखी कॉल बंद, वर चौदा आकडी पिन. "बाबा, आता तुम्हाला जगात कुणीही शोधू शकणार नाही," असं मी अभिमानानं म्हणालो होतो. मागच्या खेपेला ते ट्रक टर्मिनसवर सापडले होते, म्हणून आज आधी तिथे गेलो. नव्हते. दोन दवाखाने पाहिले. नव्हते. फोन लागत नव्हता, कारण तो घरी कपाटात होता, सिग्नल अडवणाऱ्या चंदेरी पाकिटात. पाकीटही मीच आणलेलं.

चौकीच्या पायऱ्या उतरताना बायको थांबली.

"अहो, एक सांगायचंय. ओरडायचं नाही."

"मी कधी ओरडतो?"

"भाषण द्यायचं नाही."

मी मान हलवली.

"बाबांकडे दुसरा फोन आहे. माझा जुना. सिम नाही त्यात. ते त्यावर ट्रक चालवतात."

वडिलांनी चौतीस वर्षं ट्रक चालवला होता. दोन वर्षांपूर्वी मी त्यांच्याकडून स्कूटरच्यासुद्धा किल्ल्या काढून घेतल्या. तेव्हा ते काही बोलले नव्हते. त्यांना ते पटलं म्हणून बोलले नाहीत, असं मी धरून चाललो होतो.

"गेम आहे," बायको म्हणाली. "दुपारी तुम्ही ऑफिसात असता तेव्हा. फुकटचं वायफाय मिळालं की बाहेरही. चाळीसेक लोकांचा ताफा आहे त्यांचा. तिथे त्यांना 'दहाचाकी' म्हणतात."

"तू मला—"

"भाषण नाही म्हणाले ना मी."

ओरडायला वेळही नव्हता. माझ्या फोनवर तो गेम चढेना. 'हे उपकरण सुरक्षित नाही,' असं त्यानं मला तोंडावर सांगितलं. मग बायकोच्या फोनवर घेतला, ज्या फोनला मी वर्षानुवर्षं घरातला खबऱ्या म्हणत आलो. लोकेशन हवं? घे. कॉन्टॅक्ट हवेत? घे बाबा. मायक्रोफोन, कॅमेरा, फोटो? घे, माझी किडनीही घे, पण लवकर उघड. पंधरा वर्षांत पहिल्यांदा मी कुठल्या तरी चौकटीत स्वतःची खरी जन्मतारीख भरली.

पायरीवर बसूनच मी आत शिरलो. नव्या खेळाडूला तीनचाकी टेम्पो मिळतो. त्या टेम्पोतून मी हायवेला लागलो, आणि बायको खांद्यावरून सांगू लागली, "डावीकडे... अहो, डावीकडे!" नकाशावर ताफा दिसला. मध्ये एक लाल ट्रक होता. वर लिहिलं होतं, दहाचाकी.

ते होते. कुठे ते माहीत नाही, पण या क्षणी कुठेतरी बसून ते स्टिअरिंग फिरवत होते. त्या लाल ट्रककडे बघण्याच्या नादात माझा टेम्पो दुभाजकावर चढला.

मी लिहिलं: बाबा, मी. कुठे आहात?

मग सगळ्या ताफ्याला दिसेल असं उत्तर आलं: अनोळखी माणसाला पत्ता सांगायचा नाही, असं माझा मुलगा सांगतो.

मी लिहिलं: मीच तो मुलगा.

दहाचाकी: मग शब्द सांग. तीनदा चुकला की ब्लॉक.

हाही नियम माझाच. आवाजाची नक्कल करून फसवणारे लोक असतात, म्हणून घरातल्या घरात एक परवलीचा शब्द. दर महिन्याच्या एक तारखेला तो मी बदलायचो, जेवणाच्या टेबलावर पाठ करून घ्यायचो आणि जुना पुसून टाकायचो. ज्या माणसाला ब्लेडच्या दुकानाचा रस्ता आठवत नाही, त्याला.

मी या महिन्याचा शब्द लिहिला: कासव शिडी जांभूळ एकोणसत्तर.

दहाचाकी: चूक. एक.

मागच्या महिन्याचा कुठला होता? बायकोला विचारलं. ती म्हणाली, "छत्री होती त्यात." छत्री, आणि पुढे? कंदील असावा. मी लिहिलं: छत्री कंदील बेडूक बारा.

दहाचाकी: चूक. दोन.

तेवढ्यात पुढच्या निळ्या ट्रकवाल्यानं तोंड घातलं. त्याचं नाव 'लंगडा घोडा'.

लंगडा घोडा: काका, उडवा याला. मुलगा म्हणे! ए टेम्पो, काकांच्या कुठल्या डोळ्याला कमी दिसतं, सांग.

मला माहीत नव्हतं. वडिलांना एका डोळ्यानं कमी दिसतं, हेच माहीत नव्हतं.

लंगडा घोडा: डाव्या. म्हणून त्यांच्या डाव्या बाजूला आपला एक माणूस असतो. आणि ते मधोमध का चालतात, माहितेय? वळणं विसरतात. पुढे मी इंडिकेटर देतो, ते मागून येतात. सहा महिने झाले. आणि हा आला टेम्पोतून मुलगा.

आठ महिने जो कागद मी कुलपात ठेवला होता, तो या चाळीस जणांनी नुसतं मागून गाडी चालवून वाचला होता.

मी फोन बायकोच्या हातात दिला आणि डोकं गुडघ्यात घातलं. एकच संधी उरली होती. ब्लॉक झालो की दहाचाकी नकाशावरूनही जाणार. अंधार पडला की दुकानं बंद होणार, वायफाय बंद होणार, आणि तोंड नसलेल्या फोटोतला माणूस रस्त्यावर येणार.

"पहिला कुठला होता?" बायको म्हणाली.

"पहिला?"

"सगळ्यात पहिला शब्द. तो तुम्ही नाही, बाबांनी ठेवला होता. तुम्ही त्यावर अर्धा तास बोललात. माझी भाजी करपली होती त्या दिवशी."

भाजी मलाही आठवली. आणि मग भाषणही आठवलं: डिक्शनरीतला शब्द आहे बाबा, तीन सेकंदांत फुटतो, शिवाय त्यात घरगुती माहिती आहे. तो शब्द एक महिनासुद्धा टिकू दिला नव्हता मी.

मी पाच-सहा वर्षांचा असताना वडील ट्रक मागे घेत घराजवळ लावायचे, आणि मी चड्डी सावरत मागे उभा राहून हात हलवायचो. ते मला नावानं हाक मारत नसत.

मी लिहिलं: क्लीनर. पाठवायला बोट उचलेना. बायकोनं माझ्या बोटावर बोट ठेवून दाबलं.

लाल ट्रकचा वेग कमी झाला. तो रस्त्याच्या कडेला थांबला. पुढचे-मागचे सगळे ट्रक थांबले.

दहाचाकी: अरे, मग आधी नाही का सांगायचं. मी एका घरी बसलोय. आपलं घर सापडेना, म्हणून इथे आलो. लोक चांगले आहेत. टीव्ही पुठ्ठ्याचा आहे.

"पुठ्ठ्याचा टीव्ही!" बायको ताडकन उठली. "फर्निचरचं दुकान! मोबाइल नंबर मागितला म्हणून तुम्ही जिथून कपाट न घेता परत आलात, ते!"

लंगडा घोडा: तुम्ही निघा. आम्ही काकांना घाटातून नेतो. लांब पडतो, अर्धा तास लागेल. तोवर उठू देत नाही.

मी 'थँक्यू' लिहीपर्यंत बायकोनं रिक्षा थांबवली होती. वाटेत मी एकदाही नकाशा बंद केला नाही. तो लाल ठिपका घाटात पुढे निळा, मागे पिवळा घेऊन चढत होता, आणि वळणावर अडखळला की माझा श्वास अडखळत होता.

दुकानाच्या दुसऱ्या मजल्यावर नमुन्याच्या खोल्या मांडलेल्या होत्या. तिसऱ्या खोलीत, हिरव्या सोफ्यावर, किमतीच्या पाटीखाली वडील बसले होते. शेजारी पाण्याचा ग्लास, मांडीवर फोन. दाढी अर्धीच झालेली.

"तुमचे का हे?" विक्रेती म्हणाली. "दुपारपासून बसलेत. मुलगा न्यायला येणारे म्हणाले. नंबर विचारला, तर म्हणाले, नंबर द्यायचा नसतो."

मी पुढे झालो. वडिलांनी मान वर केली आणि हसून समोरच्या खुर्चीकडे हात केला, पाहुण्याला करतात तसा.

"या, बसा."

"बाबा, मी."

"मी म्हणजे?"

बायकोनं तोंडावर पदर धरला. वडील माझा चेहरा पाहत होते. चौकीतल्या साहेबांनी तो फोटो पाहिला होता तसा, आधी लांबून, मग पुढे वाकून.

"शब्द?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो.

"ऐकू नाही आलं."

"क्लीनर!" मी ओरडलो. पलीकडे गाद्या दाबून बघणारं जोडपं दचकून वळलं.

वडिलांनी मान डोलावली. त्यांना मी ओळखू आलो की फक्त शब्द, ते मला अजून माहीत नाही.

"मग असा समोर काय उभा राहिलास?" ते म्हणाले. "मागे जा. गाडी लावायचीय, मला मागचं दिसत नाही."

स्क्रीनवर घाट संपला होता. ताफा बाजूला थांबून वाट देत होता, आणि लाल ट्रकची मागची बाजू डेपोच्या चिंचोळ्या जागेकडे वळत होती. मी सोफ्याला वळसा घालून मागे गेलो, त्यांच्या डाव्या खांद्याशी उभा राहिलो आणि हात वर केला.

"येऊ द्या," मी म्हणालो. "येऊ द्या... येऊ द्या..."