अभिप्रायवहीतली चेष्टा

मित्रांनो, मी एक वही आहे, आणि आता बरीच जुनी झाले आहे. माझ्या पुठ्ठ्यावर 'अभिप्राय' असे लिहिले होते. त्यातला शेवटचा 'य' पुसला गेला, म्हणून हल्लीची मुले मला हातात घेऊन 'अभिप्रा' म्हणजे काय, असे एकमेकांना विचारतात.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. डोळे उघडले ते दिल्लीच्या नई सडकवरच्या एका दुकानात. दोनशे पाने, निळ्या रेघा, पाठीला लाल कापड. १९९७ साली एका दुपारी वीणाताईंनी मला उचलले आणि बसने मयूर विहारला आणले. त्यांना पुण्याहून येऊन चार वर्षे झाली होती. हिंदी अजून जपून बोलायच्या. त्यांच्या सोसायटीत मीटरच्या खोलीशेजारी एक रिकामी खोली होती. तिथे दोन लोखंडी कपाटे ठेवून त्यांनी मराठी वाचनालय सुरू केले होते. दर रविवारी दहा ते बारा. मला खाकी कव्हर घालून, दोरीने एक पेन बांधून त्यांनी टेबलावर ठेवले आणि सांगितले, "पुस्तक परत करताना हिच्यात दोन ओळी लिहायच्या. खरं लिहायचं. नाव घालायची सक्ती नाही."

सुरुवातीला कोणी फारसे लिहीत नसे. समोर नव्या इमारतींचे मजले चढत होते, घरोघरी केबल आली होती, वाचायला कोणाला वेळ होता? मग 'काजळगडाचे सात पहारे' आले आणि माझी पाने भरू लागली.

या पुस्तकाची गोष्ट अशी. तिसऱ्या मजल्यावर मुरलीधरकाका राहत. त्यांचा मुलगा अंशुमन नोएडाला कॉम्प्युटर कंपनीत होता. त्याने घरच्या कॉम्प्युटरवर स्वतः एक गेम तयार केला होता. एक गड, सात दरवाजे, दारोदारी राक्षस, आणि पुढे उजेड धरून चालणारा भिवा मशालवाला. शनिवारी सोसायटीतली मुले तो खेळायला जमत आणि काका मागे खुर्ची टाकून बघत बसत. पुढे अंशुमनला बंगळूरला नोकरी लागली. कॉम्प्युटरही गेला. तरी दोन शनिवार मुले दाराशी येऊन उभी राहिली. मग काकांनी कागद घेतले आणि जे बघितले होते त्याची कादंबरी लिहिली. बाजारातून झेरॉक्स प्रती काढून, स्प्रिंग लावून, दोन प्रती वाचनालयाला दिल्या. चौथ्या दारावर पहिला भाग संपत होता.

माझ्यावर काय काय लिहिले गेले ते ऐका. फरीदाबादच्या कारखान्यात जाणाऱ्या दिनकररावांनी लिहिले, 'भाषा सोपी. राक्षस जास्त. दोन कमी केले असते तरी चालले असते.' नऊ वर्षांच्या निहारने लिहिले, 'गेममध्ये चावी चौथ्या दारामागे होती. काकांनी पाचव्या दारामागे ठेवणार असे लिहिले. ही चीटिंग आहे.' सुनीतीआजींनी लिहिले, 'विषय मुलांना आवडेलसा. अक्षर फिकट आले आहे. मोतीबिंदू काढल्यावर पुन्हा वाचीन.'

काका दर रविवारी येत, चष्मा पुसत आणि मला वाचत. निहारचे वाचून खूश होत. कौतुक वाचले की मात्र त्यांचा चेहरा कोरा राही. एकदा वीणाताईंनी विचारले, तेव्हा ते म्हणाले, "कोपर्निकस मार्गावरच्या अतिथिगृहात तीस वर्षं स्वागताच्या टेबलाशी बसलो मी. तिथेही अशीच वही होती. येणारा प्रत्येक जण 'उत्तम' लिहायचा. एकाने तर खोली बघायच्या आधीच लिहिलं होतं. म्हणून उत्तमवर माझा विश्वास नाही. वाईट लिहिलेलं मात्र खरं असतं."

आणि एका रविवारी माझ्या एकेचाळिसाव्या पानावर, शाईच्या पेनाने, सुंदर वळणदार अक्षरात हे लिहिले गेले:

'लेखकाने या पुस्तकात खूप चेष्टा केली आहे. त्यांचा संसार फार विचित्र आहे. मला यातून चांगली शिक्षा मिळाली.'

खाली नाव नव्हते.

काकांनी ते तीनदा वाचले. मग मला फिरवून त्यांनी वीणाताईंपुढे सरकवले.

"चेष्टा," ते म्हणाले. "मी कुणाची चेष्टा केली हो?"

"कोणीतरी गंमत केली असेल, काका."

"गंमत नाही. शेवटी बघा. शिक्षा मिळाली म्हणतोय. आणि माझा संसार मध्ये कुठून आला? आमच्या हिने, शालिनीने, हे वाचलं तर तिला वाटेल, मी घरच्या गोष्टी पुस्तकात घातल्या."

वीणाताईंनी पान डोळ्यांजवळ धरले. "हा 'ल' बघा," त्या म्हणाल्या. मित्रांनो, तुम्हीही बघा. मराठी शाळेत 'ल' दोन पाकळ्यांचा शिकवतात, हिंदी शाळेत त्याच्या उजव्या अंगाला उभी काठी असते. माझ्या पानावरचा 'ल' काठीचा होता. "इथल्या शाळेत शिकणारं मूल आहे हे."

त्यांना वाटले, काकांना बरे वाटेल. झाले उलटेच.

"मूल," काका हळूच म्हणाले. "मुलांसाठीच तर लिहिलं होतं."

दुसऱ्या भागाची नऊ प्रकरणे लिहून झाली होती. त्या आठवड्यात त्यांनी दहावे लिहिले नाही. पुढच्या रविवारी ते खोलीत आले ते मनाशी ठरवूनच.

"दोन्ही प्रती परत द्या, वीणाताई. आणि ते पान काढून टाका."

माझ्या लाल पाठीतला दोरा घट्ट आवळल्यासारखा झाला. वहीचे एक पान फाडले की त्याचे जोडीचे पान दुसऱ्या बाजूने सुटून येते, हे माणसांच्या लक्षात येत नाही.

"पान नाही काढणार मी," वीणाताई म्हणाल्या. "खरं लिहा असं मीच सांगितलंय. पुस्तक तुमचं आहे, ते न्या. एक प्रत कपाटात आहे. दुसरी तिथे आहे, खिडकीपाशी."

खिडकीपाशी मृणाल बसली होती. दुसऱ्या मजल्यावरची, अकरा वर्षांची, दोन वेण्या. पुस्तक मांडीवर होते. काका तिच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"बाळ, ते पुस्तक दे जरा."

"माझं व्हायचंय अजून."

"पहिल्यांदा वाचतेस?"

"तिसऱ्यांदा."

काका थांबले. "तिसऱ्यांदा कशाला? त्यात लेखकाने नुसती चेष्टा केलीय म्हणतात."

मृणालचा चेहरा उजळला. "हो ना, बिल्कुल. खूपच चेष्टा केलीये. मी तसं लिहिलंय पण वहीत. तुम्ही वाचलंत?"

वीणाताईंच्या हातातली पुस्तके तशीच राहिली.

काका शेजारच्या स्टुलावर बसले. "चेष्टा म्हणजे काय गं?"

"म्हणजे कोशिश. पण कोशिशपेक्षा जास्त. मनापासूनची. आमच्या मॅडम सांगतात, निरंतर चेष्टा करो."

"आणि संसार?"

"दुनिया. तुम्ही कशी वेगळीच दुनिया बनवलीत, ती."

"आणि शिक्षा?"

"शिक्षा म्हणजे एज्युकेशन, काका. तुम्हाला नाही माहीत?"

"तीस वर्षं हिंदीतच नोकरी केली मी," काका म्हणाले. "माहीत असायला हवं होतं. वही मराठी, म्हणून डोळेही मराठीच लावून बसलो." मग त्यांनी तिला त्या तीन शब्दांचे मराठी अर्थ सांगितले. मृणाल ऐकत गेली आणि तिचे कान लाल झाले.

"मी तुम्हाला असं म्हटलं?" ती उठली. "मी खोडते. आत्ता खोडते."

"थांब. आधी मला एक सांग. वाईट काय वाटलं पुस्तकात? खरं सांग."

मृणालने वेणीचे टोक बोटाला गुंडाळले. "भिवा. गेममध्ये तीन भिवा मिळतात. एक मेला की दुसरा येतो. तुम्ही एकच दिलात आणि चौथ्या दारावर तो मेला. मी रात्री जेवले नाही."

"म्हणजे चुकलंच माझं."

"नाही." ती विचार करून बोलत होती. "गेममध्ये मला त्याचं काही वाटायचंच नाही. तो मेला तरी आम्ही हसायचो. आणि त्याची एक मुलगी होती हे गेममध्ये कुठे होतं? ते तुम्हीच सांगितलंत ना."

काकांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला. माझ्यावर अनेकांनी लिहिले, पण असा अभिप्राय माझ्या एकाही रेघेवर नाही. तो फक्त बोलला गेला, आणि मी ऐकला.

मृणाल पेन घेऊन टेबलाशी आली, तेव्हा काकांनी पानावर हात ठेवला. "खोडायचं नाही. फक्त खाली नाव लिही." तिने लिहिले. मग त्यांनी पेन घेतले आणि तिच्या नावाखाली पाकळ्यांच्या 'ल'च्या मराठीत लिहिले, 'वाचले. चेष्टा चालू ठेवीन. मुरलीधर.'

दोन्ही प्रती कपाटातच राहिल्या. दुसरा भाग दिवाळीनंतर आला. त्यात भिवाची मुलगी मशाल घेऊन पाचव्या दाराशी उभी होती. चावीही तिथेच होती, आणि निहारने त्यावरून पुन्हा अर्धे पान भांडण लिहिले.

पुढे माझी दोनशे पाने भरली. मुले शिकून दूर गेली, वीणाताईही गुडगावला राहायला गेल्या. आता मी कपाटाच्या वरच्या फळीवर असते. उन्हाळ्यात माझ्या कडा मुडपतात, पावसाळ्यात पाने एकमेकांना चिकटतात. लोक अभिप्राय देतात, पण मला न उघडता, कुठेतरी बोटांनी टकटक करून देतात म्हणे. त्याचे मला वाईट वाटत नाही. तेही कोणीतरी वाचत असेलच.

एवढेच मागते, मित्रांनो. मला अधूनमधून खाली काढा, फडक्याने पुसा, थोडे ऊन दाखवा. आणि कधी कोणाचे लिहिलेले वाचून मनाला लागले, तर पान फाडायच्या आधी लिहिणाऱ्याजवळ जाऊन बसा आणि विचारा, 'तुला काय म्हणायचं होतं?' बहुतेक वेळा तो खिडकीपाशीच बसलेला असतो, तुमचेच पुस्तक मांडीवर घेऊन.