चिंचगल्लीतला बाण

कापसाच्या हंगामात नंदुरबारच्या चिंचगल्लीत गाड्यांची रोज कोंडी व्हायची. बैल काही मागे चालत नाहीत. दोन गाड्या समोरासमोर आल्या की निम्मा दिवस शिवीगाळ. म्हणून बासष्ट साली नगरपालिकेचे ओव्हरसियर हिंमतराव यांनी गावाचा नकाशा पसरला आणि गल्लीवर तांबडा बाण काढला. भरल्या गाड्यांनी चिंचगल्लीतून जिनिंग कारखान्याकडे उतरायचे, रिकाम्यांनी मागच्या रस्त्याने घरी जायचे.

त्या बाणाने तापीबाईचा धंदा बसला. गल्लीच्या मध्यावर तिची भज्यांची टपरी, आणि गाडीवाले खायचे ते परतताना. जाताना खिसा रिकामा असतो. कापूस विकला की भूक लागते. टपरीवाचून त्या विधवेला दुसरा आधार नव्हता.

ती कचेरीत गेली. "साहेब, बाण उलटा फिराई द्या ना. तुमले तं एक रेघच शे."

हिंमतरावांनी शाळेतल्या पोराला समजवावे तसे तिला समजावले. "मावशी, गल्लीला जिनिंगकडे उतार आहे. बाण उलटला तर भरल्या गाड्या मागच्या रस्त्याने जातील, आणि त्याला मध्येच चढ आहे. भरली गाडी चढावर घातली तर बैल गुडघे फोडून घेतील."

बोलणे खरे होते. दारातला शिपाई हसला, "बैलेसले भजा खावाड, मावशी! त्या तं जातस ना तठून!"

तिचे सर्वांत जुने गिऱ्हाईक म्हणजे रनाळ्याचा नथ्थू. तिने त्याला जिनिंगच्या फाटकाशी गाठले. "नथ्थूभाऊ, गरम भजा काढस. ये ना. कोन देखस?"

नथ्थू रिकामी गाडी घेऊन आला, बाणाच्या उलट. टपरीपाशी पोचतो तो समोर भरली गाडी, आणि तिच्यामागे गाड्यांची रांग.

"टपरी काढा!" कोणीतरी ओरडले. नथ्थूची गाडी बाजूला ओढायला टपरीचीच तेवढी जागा होती.

तापीबाईने खांबाला मिठी मारली. "नथ्थूभाऊ, तू तं सांग ह्यासले!"

नथ्थूने तिच्याकडे पाहिले नाही. "कढई उचल, मावशी. तेल तापेल शे," म्हणाला, आणि पहिला बांबू त्यानेच उपटला. ओढाताणीत कढई कलंडली, तेल तिच्या पायांवर गेले. ती किंचाळत असताना गाड्या पुढे सरकल्या. एकदोघांनी मातीतली भजी उचलून, झटकून खाल्ली.

दुसऱ्या दिवशी हिंमतरावांनी गल्ली मोजली. टपरी गेल्यावर दोन गाड्या सहज जात होत्या. नथ्थूसारखी रिकामी गाडी चढून येईल, भरली उतरेल. त्यांनी ब्लेडने बाण खरवडून काढला.

पायांना चिंध्या गुंडाळून तापीबाई पुन्हा कचेरीत आली. "साहेब, आते तं बाण निंघी गया. टपरी लावू?"

"टपरी लागली की जागा अडली, मावशी. मग बाण पुन्हा आखावा लागेल." त्यांनी बोट फिरवून नकाशावर दाखवलेही. तिने मान डोलावली.

परतताना ती मोकळ्या जागेत भिंतीला टेकून बसली. रिकाम्या गाड्या ओळीने चढत होत्या. त्यातल्या एकीवरून नथ्थूने हाक मारली, "काय मावशी, आज भजा नहीत का?"