‘मालक’ म्हणेल त्याने झाडायचे

मित्रांनो, एक उंच छताची खोली डोळ्यांसमोर आणा. बारा माग खडखडत आहेत, जमिनीवर रेशमाचे धागे पडले आहेत. आता कोपऱ्यात मला उभा करा. मी एक जुना झाडू आहे. फ्रान्समधल्या ल्यों शहराच्या टेकडीवर, विणकरांच्या मंडळात माझे आयुष्य गेले.

राजा पळाला त्या वर्षी या विणकरांनी आपापले माग एकत्र आणले. इथे मालक कोणी नाही, असे ठरले. दरवर्षी मते घेऊन प्रमुख निवडायचा. वर्ष संपले की तो परत मागावर. पण जिभेला जुनी सवय. प्रमुखाला चुकून कोणी ‘मालक’ म्हटले की सगळे माग थांबत. बार्तेलेमी विणकराची धाकटी मुलगी फेलिसी मला तसे म्हणणाऱ्याच्या हातात देई आणि संध्याकाळी त्याला खोली झाडावी लागे.

“राजा तीन दिवसांत गेला,” कुबड आलेला पेरॉन झाडताना म्हणे, “हा शब्द काही जाईना.”

माझ्या काड्या झिजल्या, पण ते माझे सुखाचे दिवस होते.

पुढे काम आटले, चुली थंडावल्या. त्या वर्षीचा प्रमुख बार्तेलेमी पायपीट करून एका व्यापाऱ्याचे मोठे काम घेऊन आला. व्यापाऱ्याची अट एकच होती: दरवर्षी नवा माणूस नको, बार्तेलेमीच कायम हवा.

सभेत पेरॉन एकटाच उठला. “बार्तेलेमी चांगला आहे, त्याचीच मला भीती वाटते. वाईट असता तर आपण डोळे उघडे ठेवले असते. उद्या त्याला उतरवायचं झालं, तर कसं उतरवणार?”

“तुझी पोरं मोठी झाली, पेरॉनदादा,” मागून कोणी म्हणाले. “आमची अजून जेवायला मागतात.”

पेरॉन सोडून सगळ्यांचे हात वर गेले. बार्तेलेमीचा सर्वांत शेवटी गेला.

दुसऱ्या दिवशी एक जण तुटलेला धागा दाखवत म्हणाला, “हे बघा ना, मालक.” मी वाट पाहिली. एकही माग थांबला नाही. संध्याकाळपर्यंत तो शब्द मी नऊदा ऐकला.

मित्रांनो, झिजण्याचे दुःख मला कधीच झाले नाही. कोणी हात लावेना, त्याचे झाले. तुम्हाला हसत हसत पाळता येतो असा एखादा नियम असेल, तर तो जपा.

संध्याकाळी फेलिसी मला घेऊन एकेकापुढे उभी राहिली. सगळे नजर चुकवून निघून गेले. शेवटी वडील उरले.

“चल पोरी, सूप निवतंय.”

“हो, मालक,” फेलिसी म्हणाली. आणि मला दोन्ही हातांनी धरून ती एकटीच खोली झाडू लागली.