चोरबटण

धाकट्याने किल्ली फिरवली. समोरचे दिवे लागले, हॉर्नही वाजला, पण गाडी ढिम्म. पन्नाशी आली तरी घरात तो धाकटाच होता, थोरल्याची कामं मात्र सगळी त्याच्याच गळ्यात पडायची. शेजारच्या सीटवर बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, सीटबेल्टचा पट्टा लावून बसले होते. आज दुपारी आईला ऑपरेशनला आत नेणार होते. “त्याआधी ह्यांना एकदा बघू दे,” एवढंच ती हॉस्पिटलात सोबत असलेल्या ताईकडे बोलली होती.

टॅक्सी बोलवायची सोय नव्हती. विस्मरण वाढल्यापासून बाबा परक्या गाडीत बसत नसत. मागे एकदा चालत्या टॅक्सीचं दार उघडून त्यांनी धाकट्याच्या तोंडचं पाणी पळवलं होतं. या जुन्या गाडीत मात्र ते गुमान बसायचे. आणि आज नेमका तिनेच असहकार पुकारला.

त्याने बॉनेट उघडलं, बॅटरीची टोकं घासली, टेस्टलॅम्प लावून पाहिला. जाड वायरीत करंट होता. किल्ली फिरवल्यावर स्टार्टरला करंट देणारी बारीक वायर मात्र ठार मेलेली. ती येते कुठून हे बघायला तो डॅशबोर्डखाली शिरला आणि हबकलाच. बाबा आयुष्यभर वायरमन. गाडीचं वायरिंग त्यांनी स्वतः नव्याने केलं होतं, तेही सगळंच्या सगळं काळ्या वायरीत. वेगवेगळे रंग हवेत कशाला, मला माहीत आहे ना, असं ते म्हणायचे. तेव्हा ते खरंही होतं.

शेवटी त्याने गॅरेजवाल्याला फोन लावला. त्याच्या सांगण्यावरून बॅटरीची एक वायर थेट स्टार्टरला टेकवली. स्टार्टर घरघरला, धाकट्याच्या जिवात जीव आला, पण इंजिन काही धरेना.

“म्हणजे इग्निशनचाही करंट तोडलाय,” गॅरेजवाला म्हणाला. “वडिलांनी कुठेतरी चोरबटण बसवलेलं असणार, आणि आता त्यांच्याच हातून ते बंद झालं असणार. ते चालू केल्याशिवाय गाडी उठायची नाही. गाडी कसली, तिजोरी केलीय त्यांनी. मी वायरी शोधत बसलो तर दिवस जाईल. त्यांनाच विचारा की.”

धाकट्याने सीटखाली, चटईखाली, ॲशट्रेच्या मागे चाचपून पाहिलं. बोटं सोलवटली. तेवढ्यात ताईचा फोन आला.

“निघालात ना? तिचे कपडे बदललेत. सारखी दाराकडे बघतेय.”

“निघतोच आहोत,” तो म्हणाला, आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली.

तो बाबांच्या दाराशी उकिडवा बसला. “बाबा, आईकडे जायचंय ना? मग बटण कुठे आहे ते सांगा.”

बाबांनी त्याचे काळे हात, तेलकट गुडघे निरखून पाहिले आणि मिस्कील हसले. “अहो मिस्त्री, ते असं कुणालाही सांगायचं नसतं.”

“मी धाकटा आहे, बाबा.”

“धाकट्याला दाखवून ठेवलंय मी. ऑफिसातून येईलच तो. हुशार आहे.”

धाकट्याला रडू फुटायचं तेवढं बाकी राहिलं. बाबांनी त्याला कधीच काही दाखवलं नव्हतं. बॉनेटला हात लावला तरी ओरडायचे.

फोन पुन्हा वाजला. “नेलं रे तिला आत,” ताई म्हणाली.

बाबांनी पट्टा जरा सारखा केला आणि रस्त्याकडे नजर लावली.

“तो आला की लगेच निघू,” ते म्हणाले. “ती वाट बघत असेल.”