टिटवीची पेर

मित्रांनो, गोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवलेली ही तीन फणांची म्हातारी तिफण तुमच्याशी बोलते आहे. गंगाखेडजवळच्या एका गावात सुताराने मला बाभळीतून घडवले. माझ्या चाड्यात, म्हणजे वरच्या लाकडी वाटीत, बी सोडले की तीन नळ्यांतून तीन सरींत सारखे पडायचे. तोरा तर मला भारीच होता.

फाल्गुनात गावतळे आटू लागले की उघड्या पडलेल्या गाळात सगळे बैलांच्या चाऱ्यासाठी कडवळ पेरत. रिवाज एकच होता: जो आधी पेरेल त्याची जागा. रिकामा तुकडा कुणीही पेरावा.

त्र्याऐंशी साली माझा मालक मुंजाजी बैल हाकत होता आणि त्याची बायको कस्तुराबाई चाड्यावर मूठ धरून मागे चालत होती. मध्येच बी पडेनासे झाले. नळा बुजला असे समजून मुंजाजीने मला आडवे पाडले आणि काडीने कोचून पाहिले. लाजेने माझी मान खाली गेली.

"नळा बुजला न्हाई. म्या मूठ आवळली," कस्तुराबाई म्हणाली. "म्होरं टिटवीची अंडी हायत."

मुंजाजीने मला उचलून पलीकडे नेले. दोन खाटा मावतील एवढा तुकडा कोरा राहिला.

दुसऱ्या दिवशी आम्ही उरलेला गाळ पेरत होतो, तोच शेजारचे व्यंकटराव आपली तिफण घेऊन त्या कोऱ्या तुकड्यावर हजर. त्यांच्याकडे चारा कमी होता.

"रिकामं हाय, मी पेरायलोय," ते म्हणाले.

रिवाज त्यांच्या बाजूने होता. टिटवी पंख पसरून बैलांपुढे ओरडत होती. आता अंडी गेलीच, असे मला वाटले.

"रिकामं कुठं हाय, भावजी?" कस्तुराबाई म्हणाली. "टिटवीनं तुमच्या आधी पेरलंय. बघा की, चार दाणे. अन् चारा आमच्यातला न्या."

बांधावरची माणसे हसली. व्यंकटराव वाकून बघत राहिले. "पेरलं तर हाय," म्हणाले आणि त्यांनी बैल वळवले.

पिल्ले तुरुतुरु पाण्याकडे पळाली तेव्हा सगळ्यात जास्त आनंद व्यंकटरावांनाच झाला. पुढच्या वर्षी गावाने काठचा अख्खा पट्टा पाखरांना सोडला. लांब पायांचे शेकाटे आले, हिवाळ्यात बदकांचे थवे उतरले.

मग एकदा वीटभट्टीवाल्याचा ट्रॅक्टर गाळ उचलायला आला. व्यंकटराव काठी घेऊन आडवे उभे राहिले.

"पेरलेल्या रानात गाडी घालता व्हय?"

"पीक कुठंय?" ड्रायव्हरने विचारले.

तेवढ्यात शेकडो पाखरे एकदम उडाली. सगळे गाव व्यंकटरावांमागे येऊन उभे होते. ट्रॅक्टर आल्या वाटेने परत गेला आणि पाखरे पुन्हा गाळात उतरली.

मित्रांनो, मला वाळवी लागली आहे, जमले तर थोडे तेल चोळा. पण तुमच्या तळ्यावर ट्रॅक्टर आला, तर तेल राहू द्या. आधी तिकडे पळा.