विरोध : एक

चावडीपुढं माणसं जमायला लागली तशी अयोध्या शेजारच्या धुरपताबाईला चिकटून बसली. बायका म्हणून त्या दोघीच.

महाराष्ट्र राज्य होऊन वर्ष झालं होतं. उमरग्याजवळच्या त्या खेड्याला सरकारी विहीर मंजूर झाली, आणि सरपंच वसंतरावांनी तिची जागा आपल्या मळ्यात धरली. धनगरवस्ती मात्र जुन्या बारवेत पायऱ्या उतरून पाणी भरायची. त्या पाण्यानं घरोघर नारू झाला होता. अयोध्याची लेक महादेवी हिच्या पोटरीतून दोन महिने नारूच्या जंताचा दोरा निघत होता. पोरीला पाऊल टेकवत नव्हतं.

वस्तीतला मॅट्रिक झालेला गुंडप्पा घरोघर हिंडला होता. "ग्रामसभेत हात वर करा. कुणाचा विरोध असला तर लिहून घ्यावाच लागतो." बारा घरांनी व्हय म्हटलं होतं.

आज गुंडप्पाच दिसत नव्हता. सकाळी सरपंचांचे दोन गडी त्याला 'काम हाय' म्हणून घेऊन गेले, एवढंच धुरपताबाईला ठाऊक होतं.

ग्रामसेवकानं विहीर मळ्यात घेण्याचा ठराव वाचला. तालुक्याहून आलेल्या साहेबांनी विचारलं, "कुणाचा विरोध?"

कुणी हललं नाही. वस्तीतला बब्रुवान काडीनं माती उकरत राहिला. अयोध्याचा नवरा धुळाप्पा खाली मान घालून बसला. त्याची मेंढरं खतासाठी वसंतरावांच्याच रानात बसायची, आणि त्याबदली मिळणाऱ्या धान्यावर घर चालायचं. वसंतराव एकेका तोंडाकडं सावकाश बघत होते.

"मग सर्वानुमते लिहा," साहेब म्हणाले.

ग्रामसेवकानं टाक उचलला. अयोध्यानं हात वर केला, खांद्यापर्यंत. धुरपताबाईनं तिचा पदर खाली ओढला. तिनं हात आणखी वर नेला आणि ती उठून उभी राहिली.

"माजा... माजा विरोध हाय."

"नाव?" ग्रामसेवकानं विचारलं.

"धुळाप्पाची बायकू."

कुणीतरी हसलं. साहेब म्हणाले, "तुमचं नाव सांगा, बाई."

एवढ्या पुरुषांत तिनं आपलं नाव कधी उच्चारलं नव्हतं. "अयोध्या."

वसंतराव मऊ आवाजात म्हणाले, "अयोध्याबाई, बसा खाली. घरी इचारून आलाव का?"

त्यांनी शिवी दिली असती तर बरं, असं तिला वाटलं. ती तशीच उभी राहिली. ग्रामसेवकानं लिहिलं, 'विरोध : एक.' ठराव मंजूर झाला.

गुंडप्पा दुसऱ्या दिवशी परतला. ओठ फाटलेला, एक डोळा मिटलेला. "पडलो," एवढंच बोलला, आणि आठवड्याभरात गाव सोडून सोलापूरला गिरणीत गेला. धुळाप्पाची मेंढरं कुणी रानात घेईना. "आता कुठं जाऊ?" त्यानं विचारलं. कुत्रं भुंकलं तरी अयोध्या महादेवीला पोटाशी धरायची. धुळाप्पा शेवटी कळप हाकत आळंदच्या बाजूला निघून गेला, आणि मायलेकी दोघीच उरल्या.

वीस दिवसांनी साहेब चौकशीला आले. विरोध नोंदलेला होता, म्हणून यावं लागलं. "अयोध्याबाई कोण?" अशी हाक वस्तीत आली तेव्हा शेजारणींनी दारं ओढून घेतली. ती एकटीच पुढं झाली. साहेबांना तिनं बारवेवर नेलं. गुडघाभर पाण्यात बायका उभ्या होत्या. त्यातल्या तिघींच्या पायांना चिंध्या बांधलेल्या. विहिरीची जागा बदलावी, असं साहेबांनी तिथंच वहीत लिहिलं.

विहीर वस्तीजवळ खणली गेली.

दिवाळीला धुळाप्पा परतला, तेव्हा पुढच्या ग्रामसभेची दवंडी झाली. अयोध्या जायला निघाली.

"इहीर झाली की. आता काय राहिलं?"

"गुंडप्पाला कुणी मारलं, ते साहेबापुढं इचारायचं हाय."

धुळाप्पानं दाराबाहेर नजर टाकली. रस्त्यावर वसंतरावांचे ते दोन गडी उभे होते. त्यानं खांद्यावर घोंगडं टाकलं आणि तिच्या बरोबरीनं चालू लागला.