सरकीची जागा

उत्तमराव पंचायत समितीतून विस्तार अधिकारी म्हणून निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्या नावावर अकरा हागणदारीमुक्त गावं होती. निदान कागदावर होती, आणि उत्तमरावांचा कागदावर फार विश्वास. पहाटे शिट्टी घेऊन गावाबाहेर उभं राहायचं, टमरेल घेऊन येणाऱ्याला गुलाबाचं फूल द्यायचं, तरीही ऐकलं नाही तर फोटो काढायचा, ही त्यांची पद्धत. या पद्धतीसाठी त्यांना शाल आणि नारळ मिळाला होता. नारळ तेव्हाच संपला. शिट्टी अजून कपाटात होती.

आणि आता चिखलीतल्या त्यांच्या स्वतःच्या घरात एक पांढरी सशीण मनाला येईल तिथे बसत होती.

सरकी त्यांच्या नातीची, राखीची. राखीनं तिला दोन महिन्यांत वळण लावलं होतं. मागच्या बोळात, कपाटाआड एक गंजकं घमेलं. त्यात वर्तमानपत्र, वर वाळलं गवत. सरकी घमेल्यात बसून गवत खात खात आपलं काम उरकायची. जूनमध्ये राखी अकरावीसाठी अकोल्याच्या होस्टेलवर गेली आणि घमेल्याचा कारभार आजोबांकडे आला.

कारभार आला की सुधारणा आल्याच. घमेलं जाऊन निळा प्लास्टिकचा ट्रे आला. तो रोज फिनेलनं धुतला जाऊ लागला. जिथं बसायचं तिथंच खायचं हे उत्तमरावांना पटेना, म्हणून गवत बंद. शेवटी ट्रे समोरच्या व्हरांड्यात आला, कारण तिथं हवा खेळती होती आणि खुर्चीत बसल्या बसल्या देखरेख करता येत होती. चौथ्या दिवशी सरकीनं जयमालाबाईंच्या पूजेच्या आसनावर लघवी केली. उत्तमरावांनी कपाटातून शिट्टी काढली आणि वाजवली. सरकी पलंगाखाली पळाली आणि उरलेलं तिथं केलं.

"तुमी अकरा गावं सुधरवले म्हन्ता ना?" जयमालाबाई म्हणाल्या. "मंग हे एक ससं सुधरवून दाखवा."

"वेळ लागतो."

"रविवारपर्यंत घ्या वेळ. रविवारी गजेंद्र येऊन राह्यला. नाही सुधरलं तं नेऊ द्या त्याले शेतावर."

गजेंद्र त्यांचा भाचा. त्याच्या शेतावर जागा भरपूर होती, आणि तीन कुत्रीही.

राखीचा रोज संध्याकाळी फोन यायचा. "आबा, सरकी नीट बसते ना?"

"शंभर टक्के," उत्तमराव सांगत. हा आकडा त्यांच्या तोंडातून सवयीनंच निघे.

गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सरकीला उलटसुलट करून पाहिलं. "दुखणं काही नाही साहेब. लघवीचाही त्रास दिसत नाही. काहीतरी मनाविरुद्ध झालं असेल."

"मनाविरुद्ध म्हणजे?"

"मला म्हशीच्या मनातलं थोडंफार कळतं. सशाचं तुम्हीच बघा."

शनिवार उजाडला. पंचफुला फरशी पुसायला आली. दोन वर्षं ती या घरी येत होती आणि कामापुरतंच बोलत होती. त्या दिवशी व्हरांड्यातल्या स्वच्छ, कोरड्या ट्रेजवळ थांबली.

"साहेब, हे इथं काऊन ठेवलं?"

"लक्ष राहतं."

"म्हणूनच तं." तिनं फडकं पिळलं. "कोनी पाह्यत असलं तं व्हते का?"

"जनावराला कसली लाज?"

"लाज नसंन. भेव असते. खाली बसलं का पळता येत नाही ना."

उत्तमराव हसले. "तुला फार माहीत."

"मले माहीत हाय," पंचफुला म्हणाली. "हिवरा आश्रमाच्या पलीकडं माहं सासर. तुमी आले व्हते तिथं. मले सातवा महिना व्हता. शिट्टी वाजली, उठली, पळली, पडली. पोरगं वाचलं, बारावीत हाय आता. शाळेच्या भितीवर फोटो लावला व्हता ना तुमी, पाठमोऱ्या बाईचा? ते मीच."

तो फोटो उत्तमरावांच्या अहवालातही होता. 'परिणामकारक उपाय' या मथळ्याखाली.

"पण घरोघरी संडास दिले होते आपण," ते म्हणाले.

"देले ना. आमचा भर रस्त्यावर. दाराले कडी नाही, पाणी अर्ध्या कोसावर. आम्ही त्यात गोवऱ्या रचल्या."

यादीत त्या घरापुढे उत्तमरावांनी 'वापर सुरू' असं लिहिलं होतं. गोवऱ्यांसाठी का होईना, वापर सुरूच होता. कागद खोटा नव्हता. हा विचार एरवी त्यांना पुरला असता.

पंचफुलाच पुढे म्हणाली, "तिची जागा तिले द्या. फिनेल नका टाकू. चार लेंड्या टाका त्यात, आपला वास वयखते जनावर."

उत्तमराव गच्चीवर गेले. घमेल्यात कोथिंबीर लावली होती, ती उपटली. मग गुडघ्यांवर बसून, पलंगाखाली अर्धं अंग घालून, त्यांनी लेंड्या गोळा केल्या. नोकरीच्या बत्तीस वर्षांत ही वेळ आली नव्हती. लघवी टिपलेला कागद घमेल्यात गेला, वर गवत गेलं. बाकीच्या डागांवर व्हिनेगर फिरवलं. घमेलं पुन्हा कपाटाआड ठेवलं आणि बोळाच्या तोंडाशी पाट आडवा लावून सरकीला आत सोडलं.

रविवारी सकाळी ते बोळाच्या तोंडाशी खुर्ची घेऊन बसले, बोळाकडे पाठ करून.

"असे भितीकडं पाहून काय बसले?" जयमालाबाईंनी विचारलं.

"बघायचं नाही."

दहा वाजले, साडेदहा वाजले. गजेंद्र रिकामं खोकं घेऊन आला आणि गाडीवरूनच ओरडला, "मामी, कुठं हाय ससं?" तेवढ्यात मागं गवत कुरकुरलं. थोड्या वेळानं कागदावर मूठभर तूर सांडावी तसा आवाज झाला. उत्तमरावांची मान वळायला निघाली होती. त्यांनी ती धरून ठेवली. जयमालाबाईंनी मात्र वाकून पाहिलं.

"गजेंद्र, चहा घे," त्या म्हणाल्या. "अन् ते खोकं गाडीवरच राहू दे."

सोमवारी पाट काढल्यावर सरकीनं एकदा पलंगाखाली केलंच. मंगळवारीही. कोणी शिट्टी वाजवली नाही.

"आबा, नीट बसते ना?" राखीनं फोनवर विचारलं.

"दहापैकी आठ वेळा."

"आणि परवा शंभर टक्के कसं म्हणाले तुम्ही?"

"चुकलं होतं," उत्तमराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पंचफुला फरशी पुसत पुसत त्यांच्या खुर्चीपाशी आली. त्यांनी पेपर खाली घेतला.

"पंचफुलाबाई, त्या दाराला पुढं कडी लागली का हो?"

तिचं फडकं थांबलं.

"लागली," ती म्हणाली. "मीच लावली." मग फडकं पुन्हा सुरू झालं. "पाय उचला साहेब."

उत्तमरावांनी पाय उचलले.